ज्ञानचंदभाऊंची चांदीची कँडल

ज्ञानचंदभाऊ भित्रे होते. पहूरच्या बाजारात हे लपून राहिलेलं नव्हतं, आणि त्यांनीही ते कधी लपवलं नाही. बँकेतल्या शिपायाला ते साहेब म्हणायचे. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचे, आणि पलीकडेही कुत्रं असलं तर सरळ घरी परत यायचे. संध्याकाळी दुकानाला कुलूप लावलं की ते एकदा ओढून बघायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे, आणि माघारी येऊन पुन्हा ओढायचे. समोरचा रतिलाल शिंपी रोज हा तमाशा बघायचा आणि विचारायचा, कुलूप निघालं का एकदाचं? ज्ञानचंदभाऊ हसायचे, पण कुलूप ओढल्याशिवाय जायचे नाहीत.

दुकान भांड्यांचं. आजोबा राजस्थानातून आले तेव्हा खांद्यावर पितळेची भांडी घेऊन गावोगाव फिरायचे, पुढे पहूरला गाळा मिळाला. थोरले माणकचंद गल्ल्यावर बसायचे आणि धाकटे ज्ञानचंद तराजूवर. भांडी तेव्हा वजनावर विकली जायची. गिऱ्हाइकाशी बोलणं, भाव ओढून धरणं, मोडीत आलेल्या हंड्याला नावं ठेवणं, हे सगळं थोरल्याचं काम. धाकट्यानं फक्त वजन सांगायचं. एवढंसं काम, तरी ते सांगताना आवाज खाली जायचा.

या सगळ्या भित्रेपणाला लोक हसायचे. एका भीतीला मात्र कुणी हसत नसे, ती म्हणजे पाण्याची.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात ज्ञानचंदभाऊ बोदवडला नात्यातल्या लग्नाला गेले होते. बरोबर बायको धनकुंवर आणि तीन वर्षांची राजुल. मांडवात पत्र्याच्या पिंपात पाणी होतं. पोरीनं पाणी मागितलं, बापानं पिंपातून ग्लास भरला आणि तिच्या तोंडाला लावला. सगळा मांडव तेच पाणी प्यायला, पण राजुल तेवढी आजारी पडली. जुलाब थांबेनात, उलट्या थांबेनात. बोदवडच्या डॉक्टरांनी जळगावला न्यायला सांगितलं. जळगाव यायच्या आत गाडीतच पोर बापाच्या मांडीवर गार पडली.

त्यानंतर ज्ञानचंदभाऊंनी परक्या घरचं पाणी तोंडाला लावलं नाही. जैनाच्या घरात पाणी गाळायचं, उकळायचं म्हणजे काही नवल नाही. पण हे दुकानात जाताना तांब्या घेऊन जायचे, एस.टी.त तांब्या, लग्नात तांब्या. कुणाचं लहान मूल रांजणातलं पाणी पिताना दिसलं की यांच्या कपाळावर घाम यायचा आणि ते उठून बाहेर जायचे. लोक म्हणायचे, भाऊ दीक्षा न घेताच महाराज झाले. धनकुंवरला कारण माहीत होतं. ती रोज दोन पातेली पाणी उकळायची. दुसरं मूल त्यांना झालं नाही.

अशा माणसानं कारखाना काढावा, आणि तोही सरकारच्या मदतीनं, हे कुणाला सांगून पटलं नसतं. पण झालं तसंच.

बोदवडकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, डॉ. भंगाळे, दूर एका सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होता. बहिणीच्या लग्नाची भांडी घ्यायला तो पहूरला आला. माणकचंद भाव करत होते तेव्हा त्याचं लक्ष तराजूमागच्या तांब्याकडे गेलं. दुकानात माठ असताना हा माणूस तांब्यातलं पाणी का पितो, म्हणून त्यानं विचारलं. ज्ञानचंदभाऊंनी खाली बघत खरं कारण सांगितलं. मग भंगाळे भांडी विसरला. आमच्या प्रयोगशाळेत यावरच काम झालंय, म्हणाला. फिल्टरमध्ये बसते ती मातीची कँडल घ्यायची आणि तिच्यावर चांदीचा हात द्यायचा. चांदी इतकी बारीक करायची की एका केसाच्या रुंदीत तिचे हजारो कण बसतील. अशा बारीक चांदीला नुसतं लागून पाणी गेलं तरी त्यातले रोगाचे जंतू मरतात. परदेशात या बारीकपणाला नॅनो म्हणायला लागलेत, आपण अजून नुसतं बारीकच म्हणतो, असं म्हणून तो हसला. पण हे सगळं कपाटात पडून होतं. मोठ्या कारखानदारांना त्यात रस नव्हता, आणि लहानांना त्याची वार्ताच नव्हती. आता सरकारनं योजना काढली होती: प्रयोगशाळेतलं संशोधन बाजारात नेणाऱ्या लहान माणसाला विद्या प्रयोगशाळा देणार, भट्टी आणि चाचणीचा खर्च सरकार उचलणार.

ज्ञानचंदभाऊंनी त्या बहिणीच्या भांड्यांचं वजन चुकीचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं लक्ष तराजूवर नव्हतं.

माणकचंदांनी साफ विरोध केला. सरकारशी भागीदारी म्हणजे हत्तीशी एका ताटात जेवण, त्यानं सोंड हलवली तरी आपण उपाशी. धनकुंवरनं वेगळंच विचारलं. पाणी गाळलं की फडक्यावर राहिलेले जीवही ती पुन्हा विहिरीच्या पाण्यात हळूच सोडणारी बाई. म्हणाली, म्हणजे जीव मारायचाच धंदा की हा? ज्ञानचंदभाऊ राजुलच्या फोटोकडे बघत बसले. धनकुंवरनंही मग तिकडे बघितलं आणि विषय तिथंच थांबला.

मुलाखत मुंबईला होती. पाच-सहा साहेब लांब टेबलामागे बसलेले. पुढ्यात ठेवलेला पाण्याचा ग्लास ज्ञानचंदभाऊंनी हळूच बाजूला सारला. एकानं विचारलं, तुमचा धंदा भांड्यांचा, मग हे कशाला? ज्ञानचंदभाऊ म्हणाले, "साहेब, मला पाण्याची भीती वाटते." सगळे हसले. मग त्यांनी राजुलचं सांगितलं, आणि हसणं थांबलं.

ब्याण्णव साली जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या शेडमध्ये भट्टी लागली. मातीच्या पांढऱ्या कँडली बाहेरून यायच्या. त्या भंगाळेच्या द्रावणात बुडवायच्या, वाळवायच्या, भट्टीत धरायच्या. बाहेर निघाली की कँडल चहाचा डाग पडल्यासारखी पिवळट-करडी दिसायची. भंगाळेनं एकच नियम सांगितला होता: कँडलीवर चिखल बसला तर ती पाण्यात हलवून धुवायची, घासायची कधीच नाही. चांदी नुसती वर बसलेली असते, घासली की गेली.

आता चाचणी. कुठल्यातरी एका गावात घरोघर फिल्टर द्यायचे, वर्षभर वापरू द्यायचे, आणि दर महिन्याला पाण्याचे नमुने धुळ्याच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासायचे. वर्षअखेर दिल्लीची समिती येऊन गाव बघणार. तिनं पसंत केलं तर जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शाळाशाळांत या कँडली जाणार. नापसंत केलं तर भट्टी बंद, आणि ज्ञानचंदभाऊ परत तराजूवर.

गाव ठरलं शेवगेवाडी. पहूरपासून जवळ, वाघूरच्या काठी. उन्हाळ्यात नदी आटली की लोक पात्रात झिरे खणून पाणी प्यायचे, आणि दर उन्हाळ्यात गावात हगवण यायची. दर उन्हाळ्यात एखादं लेकरू जायचं. ज्ञानचंदभाऊंनी म्हणूनच हे गाव निवडलं, आणि निवडल्यापासून त्यांची झोप उडाली.

गावात पहिलं घर भिकुबाईचं. तिचं माहेर धुळ्याकडचं, बोली अजून तिकडचीच, आणि गावातल्या बायका तिचं तोंड बघून ठरवायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, शेत ती स्वतःच बघायची. तिनं स्टीलचा दोन मजली फिल्टर खालून-वरून पाहिला, आतली कँडल हातात घेतली आणि विचारलं, "भाऊ, ह्या मातीना ठोकळामा काय शे?"

दारात बायकांची गर्दी. सगळ्या बघताहेत. जंतू, कण, केसाच्या रुंदीत हजारो, यातलं एक अक्षर ज्ञानचंदभाऊंना आठवेना. पण माणूस दुकानदाराच्या घरचा. माल हातात असला की त्याचा सगळ्यात चकचकीत गुण आपोआप तोंडात येतो. ते म्हणाले, "चांदी शे यामा, अक्का."

एवढ्यावर काम झालं. चांदी म्हटल्यावर भिकुबाईनं कँडल कपाळाला लावली. दुसऱ्या दिवशी गावातल्या घराघरात फिल्टरला हळदकुंकू लागलं. ज्ञानचंदभाऊंनी घासू नका हेही सांगितलं होतं, प्रत्येक घरी सांगितलं होतं. पण चांदीचा शब्द पुढे गेला आणि घासू नकाचा मागे राहिला.

एक गोष्ट त्यांनी आणखी सांगितली, आणि तीच पुढे त्यांच्या मानेवर बसली. आता पाणी उकळायची गरज नाही, असं ते म्हणाले होते.

मग धुळ्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. दर महिन्याला बर्फाच्या डब्यात बाटल्या घालून ते एस.टी.त बसायचे. डबा मांडीवर, हात डब्यावर. पारोळ्याच्या पुढे गाडी खड्ड्यात आपटली की यांचा जीव वर यायचा. धुळ्यात उतरून रिक्षा करायची आणि प्रयोगशाळेत सुनंदाबाईंच्या टेबलावर डबा ठेवायचा. सुनंदाबाई तिथं पाणी तपासायच्या. कडक बाई, कामापुरतं बोलायच्या. निकालाला ज्ञानचंदभाऊ पुन्हा जायचे आणि बाहेरच्या बाकावर देवळात बसल्यासारखे हात जोडून बसायचे. सुनंदाबाई दारातूनच सांगायच्या, ठीक आहे. तेवढे शब्द ऐकले की यांनी रिकामा डबा काखेत मारायचा आणि परतीची एस.टी. धरायची.

पावसाळा गेला, हिवाळा गेला, उन्हाळा लागला. शेवगेवाडीत हगवण आली नाही. निकाल दर महिन्याला ठीक. माणकचंदही दुकानात गिऱ्हाइकाला सांगू लागले, आमच्या धाकट्यानं काढलंय ते. ज्ञानचंदभाऊंना मात्र चांगल्या निकालाचीच भीती वाटू लागली. सगळं इतकं सुरळीत कसं चाललंय, हा प्रश्न त्यांना जेवू द्यायचा नाही.

मग आखाजी आली.

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा दिवाळीच्या तोडीचा सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि घरोघर पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर पुजली जाते. वैशाखाच्या उन्हात पितरांनाही तहान लागते, म्हणून त्यांना पाणी. त्याआधी घर धुवून निघतं, भांडी चिंच लावून लखलखीत होतात. ज्ञानचंदभाऊ सणाच्या दोन दिवसांनी नमुने घ्यायला गेले तेव्हा गाव लेकीबाळींनी भरलं होतं. भिकुबाईची लेक लताही जळगावहून आली होती, कडेवर वर्षाच्या आतलं बाळ. ज्ञानचंदभाऊंनी बाटल्या भरल्या, धुळ्याला पोचवल्या आणि निकालाच्या दिवशी नेहमीच्या बाकावर बसले. समिती त्याच आठवड्यात यायची होती.

त्या दिवशी सुनंदाबाई दारात आल्या नाहीत. त्यांनी आत बोलावलं, बसायला सांगितलं. कडक बाई बसायला सांगते म्हणजे काय, हे ज्ञानचंदभाऊंना खुर्चीला हात लावण्याआधीच कळलं.

"पाणी खराब आहे," त्या म्हणाल्या. "एका घरचं नाही, सगळ्याच घरांचं. मी दोनदा करून पाहिलं. यात हगवणीचे जंतू आहेत. तुमच्या कँडलीला काहीतरी झालंय."

धुळ्याहून पहूरपर्यंतचा प्रवास त्यांना नंतर कधीच आठवला नाही. एवढंच आठवायचं, की शेजारच्या बाईच्या मांडीवरचं मूल पाण्याची बाटली चोखत होतं आणि ते पूर्ण वेळ खिडकीकडे तोंड करून बसले होते.

शेवगेवाडीत भिकुबाई ओट्यावर धान्य निवडत होती. यांना बघून खूश झाली. ज्ञानचंदभाऊ सरळ आत गेले आणि फिल्टरचं झाकण काढलं. आतली कँडल पांढरीशुभ्र होती, अगदी बाहेरून आलेल्या कोऱ्या मातीसारखी. त्यांनी ती हातात घेतली आणि उजेडात नेऊन चहूबाजूंनी फिरवून बघितली.

भिकुबाईला वाटलं भाऊ कौतुकानं बघताहेत. ती म्हणाली, "काळी पडेल चांदी आखाजीले पितरंसमोर कशी ठेवसूत, भाऊ? चिंच नि राख लायीसनी बठ्ठ्या बायास्नी घासी टाकी."

सणाचं घर, दागिना चांदीचा, आणि तो काळा पडलेला. त्यांनी दुसरं करायचं तरी काय होतं? ज्ञानचंदभाऊ खाली बसले. दोष बायकांचा नव्हता, हे त्यांना तिथल्या तिथं कळलं. ज्या तोंडानं चांदी म्हटलं, ते तोंड त्यांचं होतं. आता गाव झिऱ्याचं कच्चं पाणी पीत होतं. पूर्वी निदान कुणी उकळायचं, कुणी तुरटी फिरवायचं. तेही यांच्या सांगण्यावरून बंद झालेलं. आणि घराघरात माहेरी आलेली लेकरं.

समिती दोन दिवसांवर होती.

ते तडक पहूरला दुकानात आले आणि भावाला सगळं सांगितलं. माणकचंदांनी शांतपणे ऐकलं. थोरला माणूस वाईट नव्हता, व्यवहारी होता. जळगावच्या शेडमध्ये तयार कँडली किती आहेत, त्यानं विचारलं. थोड्या होत्या, सगळ्या गावाला पुरण्याजोग्या नव्हत्या. मग सोपं आहे, माणकचंद म्हणाले. समिती काय गावातलं प्रत्येक घर बघते? भिकुबाईचं आणि रस्त्यालगतची घरं बघेल. तिथं उद्या नव्या बसव. बाकीच्या समिती गेल्यावर, भट्टी पेटव आणि महिनाभरात बदल. आज गावात बोंब केलीस तर तुझं सगळं गेलं. पाणी उकळा म्हणून सांगितलंस की झालं, फिल्टर असताना पाणी का उकळता, हेच समिती पहिल्यांदा विचारेल. महिनाभराचा तर प्रश्न आहे, ज्ञानू.

आणि ज्ञानचंदभाऊंना ते पटलं. माणूस घाबरलेला असला की कुणीतरी ठामपणे सांगितलेलं त्याला पटतंच. समितीची भीती, भंगाळेच्या तोंडाकडे बघायची भीती, तराजूवर परत बसायची भीती, सगळ्या भीती एका बाजूला ओढत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, रातोरात जळगावहून मागवलेली कँडलींची खोकी भाड्याच्या जीपमध्ये घालून ते शेवगेवाडीला गेले. धनकुंवरनं निघताना रोजचा तांब्या हातात दिला. तिच्याकडे त्यांना बघवलं नाही.

भिकुबाईच्या घरी त्यांनी नवी कँडल बसवली. घासायची नाही, असं पुन्हा सांगितलं. शेजारच्या घरी बसवली. रस्त्यालगतची घरं करत गेले. भराभर, खाली मान घालून, हातचलाखी करणाऱ्यासारखे. खोकी रिकामी झाली तेव्हा ते एका गल्लीच्या तोंडाशी उभे होते. पुढची घरं समितीला दिसणार नव्हती.

त्या गल्लीतल्या पहिल्या घरात लता बसली होती, मैत्रिणीकडे आलेली. बाळ मांडीवर रडत होतं. मैत्रिणीनं घरच्या फिल्टरची तोटी सोडून वाटी भरून आणली. लतानं वाटीत चमचा घातला आणि दारातल्या माणसाकडे बघितलं. भिकुबाई यांना भाऊ म्हणायची, म्हणून लता मामा म्हणायची.

"मामा," तिनं सहज विचारलं, "याले पानी पाजू ना?"

हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. काहीच न बोलता निघून गेले असते तरी लतानं चमचा तोंडाला लावलाच असता. ज्ञानचंदभाऊंना बोदवडचा मांडव दिसला, पत्र्याचं पिंप दिसलं, आपल्या हातातला ग्लास दिसला. आयुष्यभर ते ज्याला भ्यायले ते समोर वाटीत होतं, आणि त्याच्यापुढे दिल्ली काहीच नव्हती.

"नको, बेटा," ते म्हणाले. आवाज इतका चिरकला की लता दचकली. त्यांनी पुढे होऊन वाटी तिच्या हातून घेतली आणि अंगणात ओतली. मग स्वतःचा तांब्या, ज्याला आजवर दुसऱ्या कुणाचं तोंड लागलं नव्हतं, तिच्यापुढे ठेवला. "हे उकाळेल शे. हे पाज."

मग ते घरोघर फिरले. रडू येत होतं, तरी प्रत्येक दारात उभं राहून सांगत होते: माझी कँडल कामातून गेली, फिल्टरचं पाणी कच्चं आहे, उकळल्याशिवाय कुणालाही देऊ नका. एवढ्यावर मन भरेना म्हणून कोतवालाला गाठलं आणि गावात दवंडी दिली. स्वतःच्याच मालाविरुद्ध दवंडी देणारा दुकानदार त्या भागात ना आधी कुणी पाहिला होता ना नंतर.

दुसऱ्या दिवशी समितीच्या गाड्या गावात शिरल्या तेव्हा वैशाखातल्या भर उन्हात घराघरातून चुलीचा धूर निघत होता. दिल्लीच्या साहेबांनी गाडीतून उतरताच विचारलं, आज काय सण आहे? भंगाळे त्यांच्याबरोबर होता. त्याला काहीच माहीत नव्हतं.

ज्ञानचंदभाऊ पुढे झाले. हात जोडलेले. त्यांनी सगळं सांगितलं. चांदी म्हणून सांगितल्याचं, उकळू नका म्हणून सांगितल्याचं, धुळ्याच्या निकालाचं, आणि काल रस्त्यालगतच्या घरांत नव्या कँडली बसवल्याचंही. ते ऐकून भंगाळेनं मान वळवली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत, आणि ज्ञानचंदभाऊंना तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, की वस्तू चांगली आहे, पण घरात बाईच्या हाती टिकत नाही, म्हणून बाजारात नेता येणार नाही. मदत इथं थांबवावी लागेल.

भंगाळे जाताना त्यांच्यापाशी थांबला. चांदी वर बसवून भागणार नाही, मातीतच मळायला हवी, म्हणजे कितीही घासली तरी राहील, म्हणाला. पण त्याला वर्षं लागतील. मग त्यानं ज्ञानचंदभाऊंचा हात धरला आणि गाडीत जाऊन बसला.

त्या उन्हाळ्यात वाघूरकाठच्या गावांत हगवण आली. शेवगेवाडीतही पाच-सहा जण आजारी पडले, लताच्या बाळालाही दोन दिवस जुलाब झाले. ते दोन दिवस ज्ञानचंदभाऊ भिकुबाईच्या ओट्यावर बसून होते. तिथंच त्यांनी तिला राजुलचं सांगितलं. पाणी विचारलं तरी मान हलवायचे, बाळ रडलं की उभे राहायचे. बाळ तगलं. गावातलं एकही लेकरू गेलं नाही. त्याची बातमी कुठं आली नाही, कारण न मेलेल्यांची बातमी होत नसते.

भट्टी विकली गेली. ज्ञानचंदभाऊ तराजूवर परत बसले, आवाज पहिल्यापेक्षाही खाली गेला. कुत्रं दिसलं की रस्ता बदलत, कुलूप दोनदा ओढत. रतिलालनं मात्र थट्टा सोडली होती, आणि त्या न होणाऱ्या थट्टेचीही त्यांना भीती वाटायची. शेवगेवाडीच्या वाटेला ते वर्षभर गेले नाहीत. तिथल्या बायका बाजारात दिसल्या तर ते भांड्यांच्या उतरंडीमागे काहीतरी शोधू लागायचे.

पुढच्या आखाजीला भिकुबाई स्वतः दुकानात येऊन उभी राहिली. घागर पुजायला या, आणि वहिनीलाही आणा, म्हणाली. जैनाच्या घरी पितरांना पाणी देत नाहीत, हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं बोलावलं. माणकचंदांनी गल्ल्यावरून मान हलवली, जा म्हणून.

घरात शेणानं सारवलेल्या जागी नवी घागर मांडली होती, भिकुबाईच्या नवऱ्याची. वर आंबा, शेजारी खरबूज, फुलं. तिच्या बाजूला आणखी एक घागर होती, अगदी लहान, पोरीच्या खेळण्यातली वाटावी एवढी. तिच्यावरही आंबा होता. ती कुणाची, हे विचारायची ज्ञानचंदभाऊंना भीती वाटत होती. धनकुंवरनं विचारलं.

"तुमनी राजुलनी शे ती," भिकुबाई म्हणाली. "इतला वरीस पोर तहानेलीच व्हती ना, वहिनी."

धनकुंवर त्या घागरीसमोर खाली बसली. ज्ञानचंदभाऊ उभेच होते. त्यांचे डोळे त्या लहान घागरीतल्या पाण्यावर खिळले होते आणि कपाळावर घाम आला होता. इतकी वर्षं गेली, पोर गेलेली, तरी बापाच्या मनात पहिली भीती तीच आली. भिकुबाईनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिला कळलं.

"भिऊ नका, भाऊ," ती हळू म्हणाली. "तिनी घागरमा बी उकाळेल पानीच भरेल शे."

ज्ञानचंदभाऊंनी मान हलवली. मग ते धनकुंवरशेजारी खाली बसले आणि भिकुबाईनं पुढे केलेला तिच्या घरचा तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.